सायकलवर पोटरीत गोळा येतो, कन्नडच्या घाटाने रडवलं. उपाय सांगा

गिरणाकाठचा (जळगाव)
१२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, रविवारी जी फजिती झाली ती इथे ओततो, म्हणजे निदान झोप तरी लागेल.

वय ४३, बँकेत खुर्चीवरची नोकरी, सायकल चार वर्षांपासून. रोज पहाटे मेहरुण तलावाकडे चक्कर, रविवारी पद्मालय. म्हणजे ६०-७० किलोमीटरची सवय आहे, नवशिका नाही. दिवाळीत रोडबाइक घेतली आणि महिन्यापूर्वी क्लीटवाले बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असते ते).

या रविवारी पाच जण निघालो. जळगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, तिथून कन्नडचा घाट चढायचा, खाली चाळीसगावला येऊन पॅसेंजरने घरी. बाकीचे चौघे तिशीच्या आतले. थंडी मस्त, वारा पाठीमागून. चाळीसगावपर्यंत शंभरेक किलोमीटर झाले तेव्हा सरासरी २८ ची होती. माझी एरवीची २२-२३. छाती फुगली होती म्हणा ना.

घाटातलं दुसरं की तिसरं वळण. उजव्या पोटरीत काहीतरी फडफडलं आणि पुढच्या चार पेडलांत लिंबाएवढा गोळा. डोळ्यांपुढे काजवे. क्लीट सोडवायला टाच बाहेर वळवावी लागते, तीच वळेना, म्हणून सायकलसकट कडेच्या मुरमात आडवा. पोटरी धरतो तोच डाव्या पायाला. उठायला गेलो तर मांडीच्या मागे. एक टेम्पोवाले काका थांबले. "काय भो, नस चढनी का?" म्हणत त्यांनी पोटरी अशी काही रगडली की मी आईच्या नावाने बोंब मारली. शेवटी सायकल टेम्पोत, मी टेम्पोत, आणि चौघे मित्र वर जाऊन सेल्फी काढून आले.

खाल्लं होतं: घरून निघताना एक केळं, पाचोऱ्याला पोहे, वाटेत तीन केळी. पाणी साधंच, ७५० मिलीच्या तीन बाटल्या.

हे का झालं? आणि भर रस्त्यात गोळा आला तर नेमकं करायचं काय?

---

भरीतप्रेमी (भुसावळ)
१२ फेब्रुवारी, रात्री १०:०२

केळीच्या जिल्ह्यात राहून पाच तासांत चार केळी? तिथेच चुकलं भाऊ. पोटॅशियम कमी पडलं की गोळा येतो, हे चौथीतलं पोरगं सांगेल. पुढच्या वेळी डझन बांधून न्या. धाग्याचं काम झालं, आता शेवभाजीवर बोलू.

---

दोनशेकिमी (मूळ दोंडाईचा, सध्या नाशिक)
१२ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पोटॅशियम नाही, मीठ! घरी आल्यावर जर्सी बघितली होती का? काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटले असतील तर तुम्ही 'खारट घामवाले'. पाच तास साधं पाणी पिऊन तुम्ही उरलेलं मीठही पातळ केलंत.

माझा अनुभव: पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, २०० ला साडेतेरा तासांची मुदत असते) १४० किलोमीटरवर दोन्ही मांड्या आखडल्या. तेव्हापासून प्रत्येक बाटलीत मीठ, साखर, लिंबू. त्यानंतर ३००, ४००, ६०० सगळं केलं, एकदाही गोळा नाही. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

---

केळीबाग (रावेर)
१३ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

भरीतप्रेमी, मी स्वतः केळी पिकवतो. आमच्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. त्यामुळे केळीची बदनामी माझ्याकडून होणार नाही. पण ती गोळ्यावरचं औषध नाही.

साधा हिशेब बघा. १०० ग्रॅम केळीत पोटॅशियम साधारण ३६० मिलिग्रॅम. लिटरभर घामातून पोटॅशियम जातं दोनशेच्या आसपास. म्हणजे एका केळ्यात लिटरभर घामाची भरपाई होऊन वर उरतं. सोडियम मात्र लिटरमागे सरासरी एक ग्रॅम जातं, कुणाचं अर्धा, कुणाचं दोन, आणि केळीत सोडियम जवळपास नसतंच. शिवाय आत्ता खाल्लेलं केळं पोटातून रक्तात उतरायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तोवर तुमचा गोळा टेम्पोत बसून चाळीसगावला पोचलेला असतो.

केळं खायचं ते साखरेसाठी. एका मध्यम केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं मिळतात, आणि लांब पल्ल्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. त्या दृष्टीने गिरणाकाठचा भाऊंनी कमीच खाल्लं.

बाकी भाव पडलेला असेल त्या आठवड्यात 'केळी हेच औषध' म्हणायला माझी काही हरकत नाही.

---

भरीतप्रेमी (भुसावळ)
१३ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

चौथीतल्या पोराला कळवतो.

---

पांझराकाठची (धुळे)
१३ फेब्रुवारी, दुपारी २:२०

मी फिजिओथेरपिस्ट. स्वतः लळिंगच्या चढावर घाम गाळते, म्हणून आधी थोडी चौकशी करते.

१. गोळा पहिल्यांदा पोटरीतच आला ना? मांडीच्या पुढच्या बाजूला काहीच नाही?
२. नवीन बुटांनंतर सीटची उंची बदलली का? कुणी बदलली?
३. क्लीट बुटाच्या तळाशी कुठे बसवलीय, बोटांच्या जवळ की चवड्याच्या मागे?
४. याआधी शंभर किलोमीटरनंतर घाट कधी चढला होतात?

उत्तरं आली की बोलू. तोवर 'भर रस्त्यात काय करायचं' एवढं सांगून ठेवते, कारण त्याबद्दल फारसे मतभेद नाहीत.

थांबायचं. 'पुढचं वळण होऊ दे' असं म्हणायचं नाही. जो स्नायू आखडलाय तो हळूहळू ताणायचा आणि तसाच धरून ठेवायचा. पोटरी असेल तर गुडघा सरळ करून पायाची बोटं नडगीकडे ओढायची. हात पोचत नसेल तर भिंतीला, झाडाला, किलोमीटरच्या दगडाला हात टेकवून तो पाय मागे सरळ ठेवायचा, टाच जमिनीला. मांडीच्या मागे असेल तर टाच एखाद्या दगडावर ठेवून गुडघा सरळ करायचा आणि कमरेतून पुढे वाकायचं. मांडीच्या पुढे असेल तर उभं राहून टाच ढुंगणाकडे ओढायची. वीस-तीस सेकंद धरा, सोडा, परत धरा. झटका द्यायचा नाही. सुटल्यावर हलक्या हाताने चोळा. टेम्पोवाल्या काकांचा हेतू चांगला होता, पण आखडलेल्या स्नायूवर जोर काढला की तंतू दुखावतात आणि मग आठ दिवस लंगडावं लागतं.

एक युक्ती लक्षात ठेवा. पोटरीत गोळा आला की नडगीच्या पुढच्या स्नायूला कामाला लावा, म्हणजे स्वतःच्या ताकदीने पाऊल वर उचला. समोरासमोरच्या दोन स्नायूंपैकी एक आकुंचन पावला की मज्जारज्जू दुसऱ्याला सैल सोडायला सांगतो.

---

गिरणाकाठचा (जळगाव)
१३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

ताई, आठ दिवस लंगडण्याचं खरंच सांगितलंत. आज चौथा दिवस. बँकेत जिना उतरताना एक एक पायरी देवाचं नाव घेऊन उतरतोय.

उत्तरं: १. हो, पोटरीच. पुढच्या बाजूला काही नाही. २. हो, सीट दोन सेंटिमीटर वर घेतली. ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, "पाय खाली गेल्यावर पूर्ण सरळ झाला पाहिजे, मग ताकद लागते." ३. आत्ता बूट उलटा करून बघितला, क्लीट पार पुढे, बोटांकडे आहे. दुकानातून जशी आली तशीच. ४. कधीच नाही.

---

पांझराकाठची (धुळे)
१४ फेब्रुवारी, दुपारी १:४५

मग दोषी सापडले. एक नाही, तिघे.

पहिला, सीट. ती जास्त वर असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही. पाय पुरावा म्हणून आपण नकळत चवडा खाली रोखतो, बॅलेच्या नर्तकीसारखा. त्या स्थितीत पोटरी आधीच आखूड झालेली असते. आखूड झालेल्या स्नायूला आणखी आकुंचन पावायला लावलं की गोळा यायला निमित्तच लागत नाही. करून बघायचं असेल तर आत्ता पलंगावर पडल्या पडल्या पाऊल ताणून पोटरी जोरात आवळा. नको, भाऊ तुम्ही नका करू.

दुसरी, क्लीट. ती बोटांकडे असली की पाऊल लांब तरफेसारखं वागतं आणि प्रत्येक पेडलला पोटरीवर जादा भार पडतो. ती मागे घ्या, अंगठ्याच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा आहे त्याच्या किंचित मागे. पोटरीत गोळे येणाऱ्यांनी आणखी थोडी मागे घेतली तरी बिघडत नाही.

सीटसाठी घरगुती मोजमाप: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हा आकडा ओळखला जातो. ही फक्त सुरुवात समजा. नंतर कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक दिसला पाहिजे. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे हे टाच पेडलवर ठेवली तर बरोबर, चवड्यावर असताना नाही. तुमच्या मित्राने अर्धंच ऐकलं असावं.

तिसरा दोषी मोठा, त्याच्यावर सगळे चिडतील. २८ ची सरासरी.

गोळा का येतो याबद्दल शंभर वर्षं वाद चालू आहे. जुनी समजूत पाणी आणि क्षार कमी होण्याची. उष्णतेत राबणाऱ्या खाणकामगारांना गोळे यायचे, त्यांना मिठाचं पाणी देत, तिथून ती आली. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली: स्नायू थकला की त्याला 'आवळ' सांगणारे संदेश वाढतात आणि स्नायुबंधातून येणारे 'सोड' सांगणारे संदेश क्षीण होतात. म्हणून तर ताणल्यावर गोळा सुटतो. ताण पडला की ते 'सोड'वाले पुन्हा जागे होतात. नुसती मिठाची कमतरता असती तर ती ताणून कशी भरून निघाली असती? आणि घाम सगळ्या अंगाला येतो, मग गोळा नेमका राबलेल्याच स्नायूत का? कानात का नाही?

त्याच मंडळींनी २०११ मध्ये २१० आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) स्पर्धकांचा अभ्यास छापला. गोळे आलेले आणि न आलेले यांच्या शरीरातल्या पाण्यात किंवा सोडियममध्ये दखल घ्यावी असा फरक नव्हता. फरक होता तो दोन गोष्टींत. ज्यांना गोळे आले ते जास्त वेगाने गेले होते, आणि त्यांना आधीही गोळे आलेले होते.

---

दोनशेकिमी (मूळ दोंडाईचा, सध्या नाशिक)
१४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

ताई, अभ्यास राहू द्या. मीठ सुरू केल्यावर माझे गोळे थांबले, हे खोटं आहे का?

---

पांझराकाठची (धुळे)
१५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

गोळे थांबले हे खरं. का थांबले त्याची शंका आहे. मीठ सुरू केलंत त्या वर्षी आठवड्याला किती किलोमीटर करत होतात, आणि आदल्या वर्षी किती?

---

दोनशेकिमी (मूळ दोंडाईचा, सध्या नाशिक)
१५ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

स्ट्राव्हा (राईड नोंदवणारं ॲप) उघडून बघितलं. आदल्या वर्षी आठवड्याला ८०. मीठवाल्या वर्षी १८०. आणि ३०० च्या आधी सीटचं मोजमाप नीट करून घेतलं होतं, तेही आत्ता आठवलं.

तरी मीठ सोडणार नाही. आमच्याकडे बाटलीत मीठ घालायला काही कुणाची परवानगी लागत नाही.

---

पांझराकाठची (धुळे)
१५ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

सोडू नकाच. पाच-सहा तास घाम गाळायचा असेल तर मीठ लागतंच. माझं म्हणणं एवढंच की मीठ घेतलं म्हणून सवयीपेक्षा सहाने वाढलेल्या वेगाला माफी मिळत नाही.

---

मिरचीवाली (नंदुरबार)
१५ फेब्रुवारी, दुपारी ४:००

मी सायकल चालवत नाही, नवरा चालवतो, म्हणून धागा वाचतेय. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मिरचीचा व्यापार. पथारीवर दिवसभर उकिडवं बसून मिरची निवडणाऱ्या बायांच्या पायाला गोळा आला की माझी आजी बरणीतल्या खारवलेल्या मिरचीचा खार चमचाभर पाजायची. तोंड वाकडं व्हायचं आणि पाय सुटायचा. नवऱ्याला सांगितलं तर हसला. यात काही अर्थ आहे का, की आजीची गंमत?

---

दवाखाना_उघडा (चोपडा)
१५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मिरचीवाली ताई, नवऱ्याला हसू देऊ नका. मी एमडी मेडिसिन, आणि या धाग्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुमच्या आजीची.

२०१० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या झटक्यांनी मुद्दाम गोळा आणला आणि एकदा साधं पाणी पाजलं, एकदा काकडीच्या लोणच्याचा खार, वजनाच्या किलोमागे एक मिली. खार प्यायल्यावर गोळा दीडेक मिनिटात सुटला, पाण्याच्या मानाने बराच लवकर. आणि रक्त तपासलं तर त्यातले क्षार जवळपास होते तिथेच. दीड मिनिटात मीठ रक्तात पोचतच नाही. मग काम कुणी केलं? सध्याचा अंदाज असा की तोंडात-घशात त्या आंबट-खारट-तिखट चवीने जे मज्जातंतू दचकतात, ते मज्जारज्जूमार्फत आखडलेल्या स्नायूला गप्प करतात.

रॉडरिक मॅकिनन नावाचे शास्त्रज्ञ आहेत. पेशीच्या पडद्यातल्या आयनवाहिन्यांवरच्या कामासाठी त्यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. समुद्रात कयाक वल्हवताना त्यांना स्वतःला गोळे आले, आणि त्यावर डोकं चालवून त्यांनी आलं, दालचिनी आणि मिरची घातलेलं पेय काढलं. नंतरच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत, म्हणून मी चिठ्ठीवर लिहून देत नाही. पण नोबेलवाला माणूस आणि नंदुरबारची आजी एकाच बरणीपाशी पोचले, याची मला मौज वाटते.

रक्तदाबवाल्यांनी मात्र खाराचा पेला भरू नये. एक-दोन चमचे खूप झाले. तेलात मुरलेल्या आपल्या लोणच्याचं तेल पिऊ नका, त्याने फक्त पोट बिघडेल.

आता डॉक्टरकीचं. गोळा म्हणून दुर्लक्ष करू नये अशा काही गोष्टी:

एकाच पोटरीला सूज, लाली, उष्णता आणि गोळा सुटल्यावरही दिवसभर ठणका राहिला तर तो शिरेतल्या रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो. चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, असं दरवेळी होत असेल तर धमन्या तपासायला हव्यात, विशेषतः बिडी-सिगारेटवाल्यांनी. अतिश्रमानंतर स्नायू सुजून दुखतायत आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर सरळ दवाखाना गाठा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर येतं ते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, लघवीच्या गोळ्या, थायरॉइड, मधुमेह यांतही पेटके येतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं.

आणि क्विनाइन. जुने लोक अजून विचारतात. पायाच्या गोळ्यांसाठी ती अमेरिकेत १९९४ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, कारण क्वचित रक्तातल्या बिंबिका आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेततं. नकोच.

---

भरीतप्रेमी (भुसावळ)
१५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

म्हणजे ठेचा हे अधिकृत औषध. बायकोला धागा दाखवतो. ठेच्यावर ती जी मोजमापं लावते ती आजपासून रद्द.

---

बापू_शहादा
१६ फेब्रुवारी, पहाटे ५:०५

मी सेवानिवृत्त शिक्षक, वय ६७. तेहतीस वर्षं शाळेत सायकलने गेलो, अजूनही रोज दहा किलोमीटर फिरतो. तरुणपणी तोरणमाळचा घाटही केला आहे, गिअर नसलेल्या सायकलवर, अर्धा हातात धरून. सायकलवर मला कधी गोळा आला नाही. रात्री मात्र दोन-अडीचला पोटरी अशी आखडते की पलंगावरून उडी मारतो. मुलगा मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून देतो. घेऊ का? डॉक्टरसाहेब सांगतील तर बरं. या वेळी का टंकतोय ते समजलंच असेल.

---

दवाखाना_उघडा (चोपडा)
१६ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

बापू, नमस्कार. मॅग्नेशियमवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये आढावा घेतला. ज्येष्ठांच्या रात्रीच्या पेटक्यांवर त्याचा जाणवण्याजोगा फायदा होण्याची शक्यता कमी, असंच निघालं. रक्तात कमी असेल तर गोष्ट वेगळी. उगाच घेतलं तर जुलाब, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर धोका.

त्यापेक्षा बिनपैशाचं करा. २०१२ मध्येच नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर एक चाचणी झाली. झोपण्याआधी रोज पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणायची, सहा आठवडे. गोळे कमी झाले आणि जे आले त्यांची कळही उतरली. पांझराकाठची ताईंनी वर सांगितलेला भिंतीचा प्रकार, प्रत्येक पाय तीन-तीन वेळा. आणि रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे त्याचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

केळीबाग (रावेर)
१६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

पाणी-मिठाचं प्रमाण कुणी लिहिलं नाही, म्हणून मी करतो ते देतो. एका रविवारी निघण्याआधी फक्त चड्डीवर वजन केलं: ७२.४. तीन तास पालच्या रस्त्याला, येऊन अंग पुसून पुन्हा: ७०.९. दीड किलो उतरलं, वर दीड लिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे तीन तासांत तीन लिटर घाम, तासाला एक. हे हिवाळ्यातलं. मे महिन्यात करून बघायची हिंमत नाही झाली.

बाटली: लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, लिंबू. चमचा चहाचा. ही घरगुती जलसंजीवनीच आहे. उतरलेलं सगळं रस्त्यातच भरून काढायचा हट्ट धरत नाही. तहान लागेल तसं घोट घोट, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात जातं.

---

दवाखाना_उघडा (चोपडा)
१६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

उत्तम. दोन पुरवण्या. एक, राईडनंतर वजन वाढलेलं असेल तर तुम्ही घामापेक्षा जास्त पाणी प्यायलात, आणि ते कोरडं पडण्याइतकंच धोक्याचं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्यांचं रक्त तपासलं त्यांतल्या १३ टक्के धावपटूंचं सोडियम खाली गेलेलं निघालं, आणि धावताना वजन वाढणं हे त्यामागचं मोठं कारण. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं.

दोन, दुकानातून ओआरएस घ्याल तर पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र बघा: लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. खोक्यातली गोड फळांची पेयं त्या नावाने विकली जात होती. २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) तसं नाव वापरायला मनाई केली, तरी लेबल वाचायची सवय ठेवा.

---

पांझराकाठची (धुळे)
१७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

गिरणाकाठचा भाऊ, तुमच्यासाठी शेवटचं. लंगडणं थांबल्यावर:

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे, टाचा हवेत. हळू वर, त्याहून हळू खाली. पंधराचे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. दोन आठवड्यांनी एका पायावर. मांडीच्या मागच्या बाजूसाठी उताणं झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम. अंतर आठवड्याला थोडं थोडंच वाढवा. घाटाची तालीम ताज्या पायांनी करून उपयोग नाही. पद्मालयला जाऊन या आणि मग एखादा चढ दोनदा चढा, थकलेल्या पायांनी चढायची सवय व्हायला हवी. चढावर जड गिअर रेटू नका. हलका गिअर, मिनिटाला ८० च्या आसपास फिरवा, आणि दहा-दहा मिनिटांनी टाच मुद्दाम खाली दाबून पोटरी ताणून घ्या. फडफड जाणवली की तीच वेळ असते गिअर उतरवायची. गोळा आल्यावर नाही.

---

गिरणाकाठचा (जळगाव)
६ एप्रिल, रात्री ८:२५

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला.

पायातलं माप ७८ सेंटिमीटर निघालं, म्हणजे सीट हवी ६८.९ ला. माझी होती ७१.५ ला. एकदम खाली न घेता आठवड्याला थोडी थोडी उतरवली. क्लीट मागे घेतली. पायरीचा व्यायाम बँकेच्या जिन्यावर केला, शिपाई रोज विचारायचा, "साहेब, वरचं दिसत नाही का?"

काल पुन्हा तोच बेत. या वेळी उन्हामुळे पहाटे साडेतीनला निघालो. पोरांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी २३ ने येतो. भडगावला तीच पोरं भेटली, टायर पंक्चर करून बसलेली. बाटलीत मीठ-साखर-लिंबू, खिशात केळी आणि राजगिऱ्याचे लाडू, आणि हो, मिरचीवाली ताई, छोट्या बाटलीत खारही होता. घाटात जिथे पडलो होतो त्या वळणावर पोटरी पुन्हा फडफडली. मी दोन गिअर उतरवले, टाच खाली दाबली, खाराचा घोट घेतला. यातलं नेमकं कशाने ते देव जाणे, पण फडफड गेली आणि मी वर पोचलो. मलाही सेल्फी मिळाला.

आता लाजिरवाणा भाग. चाळीसगाव स्टेशनवर सायकल खांद्यावर घेऊन पूल चढत होतो. सातव्या पायरीवर डाव्या मांडीत असा गोळा आला की सायकल एका आजींच्या गाठोड्यावर. आजी म्हणाल्या, "अरे भाऊ, चाकं शेतस ना तिले, मग खांद्यावर कायले?"

---

भरीतप्रेमी (भुसावळ)
६ एप्रिल, रात्री ८:३३

आजींना या धाग्याचं सदस्यत्व द्या.

---

पांझराकाठची (धुळे)
६ एप्रिल, रात्री ९:०५

घाटाबद्दल अभिनंदन! मांडीचं साहजिक आहे. सायकलवर मांडी कधी पूर्ण सरळ होत नाही, सहा-सात तास ती अर्धवट आखूडच राबते, आणि त्यावर तुम्ही नऊ-दहा किलोंचं ओझं घेऊन जिना चढलात. उतरल्यावर दहा मिनिटं सायकल हातात धरून चाला, मांडीचा पुढचा भाग ताणा, मग जिना. मेमध्ये काय करताय?

---

गिरणाकाठचा (जळगाव)
६ एप्रिल, रात्री ९:२०

मेमध्ये भरीतप्रेमींच्या गावात ४५ च्या वर पारा असतो, तेव्हा सायकल माळ्यावर आणि मी कूलरसमोर. पायरीचा व्यायाम चालू ठेवतो. पावसाळ्यात पाटणादेवी, कोण कोण येणार नावं द्या.

---

बापू_शहादा
७ एप्रिल, सकाळी ६:४०

माझं नाव लिहा. रात्री झोपायच्या आधी भिंत ढकलतोय, दीड महिना झाला. गेल्या पंधरवड्यात एकदाच उठलो, तेही मांजरीमुळे.